वळवाचा वारा आणि पत्र्याचे छप्पर

वादळाने घरांची पडझड झाल्याचे ऐकले की डोळ्यांपुढे कोकण किनारा उभा राहतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले, तेव्हा रायगड-रत्नागिरीतील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. सांगली जिल्ह्यातील कडेगाव मात्र समुद्रापासून दूर, देशावरचा पर्जन्यछायेतील तालुका. तरीही तेथील छपरांची परीक्षा चैत्र-वैशाखात होतेच. ती वळवाच्या पावसाआधी सुटणाऱ्या वाऱ्याकडून. दुपारभर तापलेल्या जमिनीवर ढगांचे मनोरे चढतात आणि सायंकाळच्या सुमारास त्यांतील थंड हवेचा लोंढा खाली आपटून चहूकडे पसरतो. चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. या वाऱ्याची मिळाली तर दोन-तीन तास आधी. तो कोणत्या दिशेने येईल हेही सांगता येत नाही.

या भागातील जुनी धाब्याची घरे वाऱ्याला दाद देत नसत. लाकडी तुळया, त्यांवर किलचा, पाला आणि वीतभर पांढरी माती असे ते छप्पर चौरस मीटरला अडीच-तीनशे किलो भरे. पण ते गळे, दरवर्षी माती टाकावी लागे, आणि अशा जड छपराखाली माणसे कशी गाडली जातात हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिले. धाब्याच्या जागी पत्रा आला तो सोयीचा, स्वस्त आणि हलका म्हणून. नेमका हा हलकेपणाच वाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

वारा पत्रा ढकलून नेतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो पत्रा वर ओढतो. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो. त्यातच वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले, तर आत शिरलेली हवा खालूनही रेटा देते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो होतो. दहा फूट लांब, तीन फूट रुंद व अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो तेरा-चौदा किलोचा. त्यावरील ओढ मात्र सव्वाशे किलोच्या पुढे जाऊ शकते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. भारतीय मानक ब्युरोची वाऱ्याविषयीची संहिता (आय. एस. ८७५, भाग ३) पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, इतका झोत गृहीत धरते.

हा हिशेब एकदा मांडला की गावोगावी दिसणाऱ्या उपायाचे वैयर्थ्य ध्यानात येते. पत्र्यावर चार-पाच दगड ठेवून घरधनी निर्धास्त होतो. त्या दगडांचे वजन वीस-पंचवीस किलो. पत्रा उचलला की तेच दगड घरंगळून खालच्या माणसावर वा जनावरावर येतात. वाळूने भरलेली पोती त्यांहून बरी, कारण ती घरंगळत नाहीत. पण वजनाच्या बळावर छप्पर धरून ठेवण्याची कल्पनाच पत्र्याच्या बाबतीत अपुरी पडते. पत्रा दाबायचा नसतो, बांधायचा असतो.

बांधायचा कशाला, हा खरा प्रश्न. पत्रा अँगलला किंवा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला, अशी ही साखळी असते व ती सर्वांत कच्च्या दुव्याशी तुटते. पुष्कळ घरांत पत्रे बोल्टने नीट आवळलेले असतात. परंतु खालचे पाईप भिंतीच्या खाचेत केवळ टेकवून वर विटेचा तुकडा व सिमेंट थापलेले असते. मग पत्रे सांगाड्यासकट उडून शेजारच्या शिवारात जाऊन पडतात. यावर उपाय घरच्या घरी, गवंड्याच्या हातून करता येण्याजोगा आहे. प्रत्येक पाईपच्या टोकावरून लोखंडी सळईचा फास घेऊन तो भिंतीत किमान तीन फूट खाली, शक्य तर लिंटेलपर्यंत न्यावा. नऊ इंची विटांच्या भिंतीचा तीन फूट उंचीचा भाग लांबीच्या दर मीटरला सुमारे ४०० किलो भरतो. हे वजन फुकट हाताशी असते, फक्त छपराला जोडलेले नसते.

बोल्टांविषयीही थोडे. हुकाचे बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर घ्यावेत, पन्हळीत नव्हे. अन्यथा भोकातून पाणी झिरपून गंज चढतो. वॉशर रुंद हवा. लहान वॉशर जागीच राहतो आणि पत्रा फाटून निघून जातो. ओढ सर्वाधिक असते ती कोपऱ्यांत, वळचणीला व आढ्यालगत, म्हणून मधल्या भागाच्या दुप्पट बोल्ट कडेला लावावेत. जुन्या छपरावर आडवी लोखंडी पट्टी टाकून ती खालच्या पाईपला जागोजागी आवळणे हा स्वस्तातला चांगला मार्ग. वळचण दीड फुटापेक्षा पुढे काढू नये. सोप्याचे वा गोठ्याचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे; ते गेले तरी घर उघडे पडत नाही. नवे छप्पर घालणाऱ्याने उतार बेताचा पण पुरेसा द्यावा: जवळजवळ सपाट पत्र्यापेक्षा तीस अंशांच्या आसपासच्या पाख्यावर ओढ कमी पडते.

कडेगावच्या मोहरमातील उंच ताबुतांचा सांगाडा बांबूचा असतो. बांधणीचे मोल या गावाला नव्याने सांगावे लागू नये.

वारा सुटण्याच्या बेतात असताना सर्व दारे-खिडक्या बंद कराव्यात. हवा जाऊ द्यावी म्हणून एखादी उघडी ठेवण्याचा सल्ला दिशा बदलणाऱ्या वळवात घातक ठरतो. प्लॅस्टिकची टाकी भरून ठेवावी. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते. फडफडणारा पत्रा धरण्यासाठी वर चढणे मात्र कटाक्षाने टाळावे. विजेचा इशारा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपवर मिळतो.

अधिक धोका आहे तो बंद घरांना. खानापूर, आटपाडी, कडेगाव भागातील कितीतरी कुटुंबे गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगली आहेत. अनेकजण पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. गावचे घर वर्षभर कुलपात असते आणि सैल झालेला बोल्ट कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. पाडव्याच्या सुमारास गावी येणाऱ्यांनी पाना घेऊन एकदा शिडी चढावी, घरालगतच्या वाळक्या फांद्या तोडून घ्याव्यात. नुकसान झालेच तर पंचनाम्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत. सरकारी मदतीचे २०२२ मध्ये ठरलेले निकष पाहिले, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० आणि घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये अशी तरतूद होती. तेवढ्यात छप्पर पुन्हा उभे राहत नाही. सळया, बोल्ट आणि गवंड्याची एक-दोन दिवसांची मजुरी मात्र भागू शकते.