कोरफड, हिराकस आणि पाटीवरची पेन्सिल

१९८२च्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीची पाळी तीन महिने आली नाही. ताई तेव्हा सोळा वर्षांची. जिना चढताना तिला धाप लागे, ओठ पांढुरके पडले होते आणि धाकट्या भावाच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल ती चोरून कुरतडून खाई. “पोट साफ नाही, म्हणून तुंबलंय,” हे आजीचे निदान. दर रविवारी पहाटे एरंडेल आणि रोज कोरफडीचा गर सुरू झाला. पेन्सिलीसाठी मार बसे तो वेगळा.

मी वैद्यक शिकलेली नाही. वाचनालयात नोकरी करता करता जुनी औषधसूत्रे वाचण्याचा नाद लागला, तो आजतागायत आहे. आजीचे ते वाक्य कुठून आले असेल, हा प्रश्न मात्र त्या उन्हाळ्यापासूनचा आहे.

पहिला धागा आयुर्वेदात सापडतो. वाग्भटाने अपान वायूकडे जी कामे सोपवली, त्यांत मल, मूत्र, आर्तव आणि गर्भ बाहेर टाकणे ही सगळी एकत्र आहेत. चरकाच्या चिकित्सास्थानातल्या तिसाव्या अध्यायात ‘उदावर्तिनी’ नावाचा योनिरोग येतो. नैसर्गिक वेग अडवल्याने वायू उलटा फिरतो, वेदना होतात आणि रक्त वाहू लागले की आराम पडतो, असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे आतडे आणि गर्भाशय एकाच वाऱ्याच्या हुकमतीत. आजीने चरक वाचला नव्हता, पण तिचे ‘तुंबणे’ याच घराण्यातले.

दुसरा धागा औषधाचा. रजःप्रवर्तिनी वटी आजही मिळते. तिच्यात कन्यासार, हिराकस, टाकणखार आणि हिंग असतो. कन्यासार म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, जोरदार रेचक. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फार्माकोपियातही कोरफड आणि हिराकस यांची गोळी दिलेली पाहिली, तेव्हा मी थबकले. दोन दूरच्या परंपरांनी रेचक आणि लोह एकाच गोळीत वळले होते. मग गुण कुणाचा?

हा प्रश्न युरोपात फार जोमाने लढवला गेला. तिथे तरुण मुलींच्या एका आजाराला क्लोरोसिस म्हणत. चेहरा फिकट, हिरवट झाक असलेला, धाप, पाळी बंद, आणि खडू किंवा माती खाण्याची ओढ. योहानेस लांगे याने १५५४ साली त्याला कुमारिकांचा रोग म्हटले होते. पिएर ब्लो या फ्रेंच डॉक्टरने १८३२ साली हिराकस आणि पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या सुचवल्या आणि त्या गाजल्या. पण १८८७ साली लंडनचे नामांकित डॉक्टर सर अँड्र्यू क्लार्क यांनी वेगळेच कारण मांडले. मुलींना बद्धकोष्ठ असते, साचलेल्या मळातले विष रक्तात शोषले जाते आणि त्यातून हा आजार होतो. लंडनचा हा मोठा डॉक्टर आणि आमची आजी, दोघांचे मत एकच!

त्यातच बुंगे या रसायनशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, औषधातले लोह अंगी लागतच नाही. ते आतड्यातला हायड्रोजन सल्फाइड स्वतःवर घेते, म्हणून अन्नातले लोह तेवढे वाचते. राल्फ स्टॉकमन यांनी १८९३ साली याची सरळ परीक्षा घेतली. काही मुलींना लोह कातडीखाली टोचले, म्हणजे आतडे वगळलेच. त्या सुधारल्या. काहींना लोहाचे सल्फाइड दिले, ज्याला आणखी सल्फाइड घेण्यास जागाच नाही. त्याही सुधारल्या. काहींना बिस्मथ आणि मँगॅनीज दिले, जे सल्फाइड पकडतात पण लोह नव्हेत. त्यांना गुण आला नाही. उणीव होती ती लोहाची. १८९५ साली त्यांनी रोजच्या आहारातले लोह मोजले आणि अशा मुलींच्या ताटात ते किती तोकडे असते, हे दाखवले. लोहाने पोट बांधले जाते, हे पाहता गोळीत कोरफड असण्याचे एक साधे कारणही उमगते.

म्हणजे आजी सपशेल चुकली का? तसेही म्हणवत नाही. आतड्याचा संबंध आहेच, पण तो तिला वाटला तसा नाही. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक रोगात तो भाग बिघडतो, मग रक्त उतरते आणि पाळी उशिरा येते किंवा अनियमित होते. आकडीच्या जंतांमुळे आतड्यातून रोज थोडे थोडे रक्त जाते. म्हणूनच शाळेतल्या मुलींना दर आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी देणाऱ्या सरकारी योजनेत वर्षातून दोनदा जंताचे औषधही असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पाळी चुकण्याची इतरही कारणे असतात, थायरॉइडपासून गर्भधारणेपर्यंत. एकटी गोळी त्या सर्वांवर उतारा नव्हे, आणि गर्भ असताना कोरफडीचे रेचक घेणे धोक्याचे.

चरकाने पांडुरोगाच्या पाच प्रकारांत माती खाल्ल्याने होणारा एक प्रकार सांगितला आहे. आज डॉक्टर माती-खडू खाण्याकडे बहुधा लोह कमी असल्याची खूण म्हणून पाहतात. आणि त्याच पांडुरोगाच्या अध्यायात चरकाने लोहाचे नवायस चूर्णही दिले आहे. आमच्या घरात कोरफड पोचली, लोह मात्र वाटेतच राहिले.

ऑगस्टमध्ये ताई प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्या आत होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पेन्सिल आपोआप सुटली आणि दिवाळीच्या सुमारास पाळी आली. एरंडेलाची बाटली मात्र फडताळात तशीच होती. हा लेख लिहिण्याआधी मी ताईला सारे वाचून दाखवले. तिने एकच विचारले, “मग त्या पेन्सिलीसाठी मला मारलं का गं?”