डबा भरायला वेळ कुणाकडे?

सुरत म्हटली की आपल्याला शिवरायांची १६६४ची स्वारी आठवते. पण तिथल्या लिंबायत, उधना भागांत कापडधंद्यासाठी खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. कामावर निघायच्या घाईत लहानग्याचा डबा भरणे आईला सोपे नसते.

गुजरातने १९८४ सालीच शाळेत मध्यान्ह भोजन सुरू केले. केंद्राची योजना १९९५ साली आली. पण बऱ्याच राज्यांत मुलामागे महिना ३ किलो धान्यच मिळे. म्हणजे चूल पुन्हा आईचीच! सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले अन्न द्यायला लावले. आपल्या गोव्यात बचतगटांच्या बायका भाजी-पाव पुरवू लागल्या.

डब्यात आईची माया असते, असे आपण म्हणतो. मला वाटते, मायेला वेळही लागतो. तो सगळ्याच आयांना मिळत नाही.