चौदाव्या शतकातल्या ठाण्यात जेवायला

जपून उतरा. इथे प्लॅटफॉर्म नाही, खाडीचा चिखल आहे आणि ओहोटी लागलीय. 1322-23च्या सुमाराचा वैशाख. ऊन असं की टाळू तापून निघते. सुकत टाकलेली मासळी, ओले दोर, शेण, सगळ्यांचा वास एकदम नाकात शिरतो. होड्या कल्याणकडे निघायला भरतीची वाट बघतायत. बाजूला व्हा, बैल येतोय! पाठीवर पोती, पोत्यांवर मालक. घोडा शोधू नका. ओझं, नांगर, स्वारी, सगळं बैलावरच.

गर्दीतला तो जाड झग्यातला, घामाघूम गोरा साधू म्हणजे फ्रान्सचा जोर्दानुस. पुढे लॅटिनमध्ये त्याने या मुलखाचं वर्णन लिहिलं. इथला उकाडा परक्याला सोसवत नाही, अशी त्याची तक्रार आहे. चला, त्याच्याच पंगतीला बसू.

मिसळ मागू नका, बटाटावडाही नाही. मिरची आणि बटाटा अजून अमेरिकेत आहेत. त्यांना इकडे यायला दीड-दोनशे वर्षं तरी आहेत. इथे तिखटाला मिरी आणि आलं. हात धुतलेत ना? वाढणारी बाई आधी तेच बघते. मांडी घाला. केळीच्या पानावर वाफाळता भात पडतो, त्यावर नारळाच्या रसातलं कोळंबीचं कालवण, आमसुलाने आंबट केलेलं. पहिल्या घासाला बोटं भाजतात, दुसऱ्याला कुणी थांबत नाही.

बाहेर भंडारी सरसर माडावर चढलाय. पोयीचं टोक छाटून तिथे मडकं बांधलेलं असतं, रात्रभर थेंब थेंब त्यात ठिबकतो. मडकं खाली येतं ते पांढऱ्या फेसासकट, भोवती माशा घोंगावत. फडक्यातून गाळून घ्या. माडी गोडसर लागते आणि कानशिलं हळूहळू गरम होतात.

मग फणस. तेल लावलेली कोयती, तरी चीक मनगटापर्यंत. एक फणस पाच जणांना पुरतो, हा हिशेब जोर्दानुसचाच. आंब्याची गोडी मात्र शब्दांत सांगता येत नाही, असं त्याने लिहून टाकलं.

याच ठाण्यात 1321मध्ये त्याचे चार सोबती मारले गेले. त्यांना त्याने सोपाऱ्याला नेऊन पुरलं. तरीही इथल्या माणसांबद्दल तो लिहितो: खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरी, न्यायाला पक्की. खूश झालेला पाहुणा गोड बोलतोच. पण इतकं सोसलेल्या परक्याचं हे मत मला फार मोलाचं वाटतं.

भात पुन्हा येतोय. पानावर हात आडवा धरलात तरी ती वाढणारच.