दोष फुप्फुसांचा नव्हताच

लिव्हर बदललं, ऑपरेशन नीट झालं, तरी आपलं माणूस ऑक्सिजनची नळी लावूनच घरी आलं, की पोटात गोळा येतो. ऑपरेशन फसलं की काय? या प्रश्नामागची जुनी गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

1884 साली फ्ल्युकिगर या डॉक्टरांनी एका बाईची नोंद केली. तिला लिव्हरचा सिरॉसिस होता, अंग निळसर पडलं होतं, बोटांची टोकं फुगून गोल झाली होती. 1956 मध्ये रायडेल आणि हॉफबाउर यांनी सिरॉसिस असलेल्या 17 वर्षांच्या मुलाची फुप्फुसं मृत्यूनंतर तपासली. आतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या निघाल्या. 1977 मध्ये या दुखण्याला नाव मिळालं, हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम.

यात होतं काय? देवळात एकेरी रांग असली की प्रत्येकाच्या हातावर प्रसाद पडतो. दार सताड उघडलं, लोंढा आला, की बरेच जण रिकाम्या हातानं पुढे जातात. रुंद वाहिन्यांतून रक्त तसंच ऑक्सिजन न घेता निघून जातं. म्हणून अशा काही रुग्णांना उठून बसलं की दम लागतो आणि आडवं झालं की बरं वाटतं.

1963 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसाचं लिव्हर बदलण्याचा पहिला प्रयत्न केला. यश आलं 1967 मध्ये. आपल्या देशात ते 1998 मध्ये दिल्लीत आलं. पण ऑक्सिजन फार कमी असलेल्यांना डॉक्टर पूर्वी नकारच देत. यांना ऑपरेशन झेपणार नाही, असं मानत. मग 1990च्या सुमारास दिसू लागलं, की नवं लिव्हर बसल्यावर अशांचा ऑक्सिजन हळूहळू वाढतो. मूळ दोष लिव्हरचा होता. जे नकाराचं कारण होतं, तेच ऑपरेशनचं कारण ठरलं.

मात्र रुंदावलेल्या वाहिन्या एका रात्रीत आवळत नाहीत. काही महिने, कधी वर्षही लागतं. तोवर घरी ऑक्सिजन लागला, म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नळी काढू नका, बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा रोज वहीत लिहा. आकडा उतरू लागला किंवा दम वाढला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.