उत्तर फिरंगाण

अरबी समुद्रावरील आरमारी वर्चस्वाच्या बळावर पोर्तुगीजांनी वसई-दमण पट्ट्यात राखलेला मुलूख. डहाणू व तारापूर त्यातच. दीवच्या लढाईने (१५०९) समुद्रावर त्यांचा वचक बसला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली, १५५९ मध्ये दमण घेतले. देशी जहाजांना त्यांचा परवाना व जकात सक्तीची होती (पहा : कार्ताझ). जमिनीवर मात्र हा दरारा तोकडा पडे : दमण परगण्यातील गावांना उपद्रव होऊ नये म्हणून रामनगरच्या कोळी राजाला चौथ द्यावी लागे. १६७२ मध्ये रामनगर जिंकल्यावर शिवाजी महाराजांनीही तीच मागितली (पहा : चौथ). विखुरलेल्या किल्ल्यांना शिबंदी व पैसा अपुरा पडत गेला. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये डहाणू, तारापूर आणि अखेर वसई मराठ्यांकडे आली. दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले.