जर्मन भाषेतील नियमित क्रियापदे : वर्तमानकाळ

जर्मनमध्ये वर्तमानकाळी क्रियापद पुरुष आणि वचन यांप्रमाणे चालते. लिंगाप्रमाणे ते बदलत नाही. क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटी बहुधा ‘-एन’ असते (उच्चार ‘अन’सारखा). ते काढले की धातू उरतो आणि त्याला सहा जागी मिळून चारच प्रत्यय लागतात. लेर्नन (शिकणे) असे चालते : इश लेर्नं (मी), डू लेर्न्स्ट (तू), एर लेर्न्ट (तो), वीर लेर्नन (आम्ही), ईर लेर्न्ट (तुम्ही), झी लेर्नन (ते). पहिल्या रूपातील अंत्य स्वर ‘केलं’मधल्या शेवटच्या स्वराच्या जवळचा आहे.

‘झी’ या सर्वनामाचे अर्थ ‘ती’ आणि ‘ते’ असे दोन्ही होतात. झी लेर्न्ट म्हणजे ती शिकते, झी लेर्नन म्हणजे ते शिकतात. कोण हे क्रियापदच सांगते. आदरार्थी संबोधनालाही हेच अनेकवचन चालते, मात्र लिहिताना सर्वनामाचे पहिले अक्षर मोठे काढतात. मराठीत वडीलधाऱ्यांविषयी बोलताना ‘ते आले’ म्हणतात. जर्मनमध्ये तेच तृतीयपुरुषी अनेकवचन समोरच्या व्यक्तीशी बोलताना येते. ‘ईर’ हे जवळच्या अनेकांसाठी असून त्यात आदराचा भाव नाही.

‘शिकतो’ आणि ‘शिकत आहे’ यांना वेगळी रूपे नाहीत. ‘उद्या’सारखा शब्द जोडला की हाच काळ भविष्याचेही काम करतो.

उच्चारामुळे होणारे बदल : हे अपवाद नव्हेत, तोंडाला अडणारी जागा मोकळी करण्याची ती सोय आहे. आट्मन (श्वास घेणे) या क्रियापदाचा धातू ‘आट्म’. त्याला सरळ ‘-स्ट’ लावला तर ट, म, स, ट अशी चार व्यंजने एकापाठोपाठ येतात आणि म उच्चारता येत नाही. म्हणून मध्ये ए येतो : डू आट्मेस्ट, एर आट्मेट. आर्बाइटन (काम करणे) यासारख्या ट किंवा ड या व्यंजनांनी संपणाऱ्या धातूंतही तसेच : एर आर्बाइटेट. लेर्नन मात्र र-नंतरचा न सहज उच्चारू देते, तेथे ए लागत नाही. आट्मन हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’चा सगोत्र मानला जातो.

धातूच्या शेवटी स किंवा त्स असेल, तर प्रत्ययातील स त्यात विरतो. टान्त्सन (नाचणे) याचे ‘तू’चे आणि ‘तो’चे रूप त्यामुळे एकच, टान्त्स्ट. जुन्या ग्रंथांत ‘टान्त्सेस्ट’ असे पूर्ण रूप आढळते.

प्रत्ययांचा इतिहास : या क्रियापदांचे खरे महत्त्व येथे आहे. फ्रान्झ बोप यांनी 1816 मध्ये फ्रांकफुर्ट येथून संस्कृतच्या क्रियापदरूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक रूपांशी तुलना प्रसिद्ध केली. तौलनिक भाषाशास्त्राचा पाया त्या ग्रंथाने घातला. (पुढे बर्लिनमध्ये त्यांची व्याख्याने ऐकणाऱ्यांत माक्स म्युलर होते, जर्मन शिकवणाऱ्या पुणे व मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनांना त्यांचेच नाव आहे.) संस्कृत भरति, भरन्ति यांच्यापुढे प्राचीन उच्च जर्मनची बिरित, बेरन्त ही रूपे ठेवली की नाते उघड दिसते. आजच्या लेर्न्टमधील ट हा या ‘-ति’चा वंशज. ‘करणे’ या अर्थाच्या माखोन क्रियापदाचे प्रथमपुरुषी एकवचन प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘माखोम’ होते. त्यातील म संस्कृत ‘-मि’चा सगोत्र. नंतर आघातहीन स्वर झिजून सगळे ए झाले, नियमित क्रियापदांचे निरनिराळे वर्ग एकरूप झाले आणि आजची सुटसुटीत रूपावली तयार झाली. अनेकवचनातील ‘-न्त’ही झिजला, ‘असणे’च्या झिन्ट (सन्ति) या अनियमित रूपात तो टिकून आहे.

द्वितीयपुरुषी ‘-स्ट’ सर्वांत लक्षणीय. मूळ प्रत्यय फक्त ‘-स’ होता, संस्कृत ‘-सि’सारखा, मराठीच्या ‘करतोस’मधील स त्याच कुळातला. क्रियापदामागून सर्वनाम ‘थू’ किंवा ‘दू’ (आजचे डू) आले की दोन्ही एका दमात उच्चारली जात आणि सर्वनामाचे व्यंजन क्रियापदाला चिकटून राहिले, असे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक ‘कान्स्ट’ (तुला येते) यांसारख्या रूपांच्या अनुकरणालाही श्रेय देतात. दोन्ही कारणे एकत्र असू शकतील.

व्याप्ती : 1819 च्या आपल्या व्याकरणात याकोप ग्रिम यांनी क्रियापदांचे सबळ व दुर्बळ असे वर्ग केले. नियमित क्रियापदे दुर्बळ होत, तथापि हा भेद मुख्यतः भूतकाळात दिसतो. कोमन (येणे) हे सबळ असूनही वर्तमानकाळी लेर्ननसारखेच चालते. गेबन (देणे) यासारख्यांत मात्र ‘तू’ आणि ‘तो’ यांच्या रूपांत धातूचा स्वर बदलतो : डू गिप्स्ट. भाषेत नव्याने येणारी क्रियापदे जवळजवळ सर्व नियमित असतात, उदा., गूगलन : डू गूगल्स्ट.

बोली : श्वेबियनमध्ये अनेकवचनी तिन्ही पुरुषांना एकच प्रत्यय लागतो.