आयएनजीचा दोष मराठीच्या माथी कशाला?

मराठी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजी आयएनजीपाशी अडतं, याचं एक ठरलेलं निदान आहे : मुलं मराठीतून विचार करतात, म्हणून चुकतात. उपायही ठरलेला आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी बंद ठेवायची आणि काळांचा तक्ता घोटून घ्यायचा. परभणी जिल्ह्यात सेलूपासून पालमपर्यंत शिक्षक हे सांगतात, पालक मान डोलावतात, आणि पोराला इंग्रजी माध्यमात घालण्याचं कारण म्हणूनही हेच पुढं केलं जातं. मला हे निदान चुकीचं वाटतं आणि उपाय तर नुकसानीचा वाटतो.

आधी प्रत्यक्ष चूक पाहू. 'आय अ‍ॅम नोइंग हिम', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' ही वर्गात नेहमी कानावर पडणारी वाक्यं. मराठी माणूस कधी 'मला दोन भाऊ असत आहेत' म्हणतो का? तो 'मी त्याला ओळखतो' म्हणतो, 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो. मुलानं आपल्या मराठीवर भरवसा ठेवला असता तर तो इथं चुकलाच नसता. चूक येते वर्गातल्या ठोकताळ्यातून : 'आहे' दिसलं की अ‍ॅम-इज-आर, त्याच्या आधी 'त' दिसला की आयएनजी. आता 'मला माहीत आहे' हे वाक्य घ्या. त्यात 'त'ही आहे आणि 'आहे'ही. 'माहीत' हे क्रियापदाचं रूप नाही, पण ठोकताळ्याला ते कुठलं कळायला? शिवाय तमिळ किंवा बंगाली घरांतली शिकलेली माणसंही 'आय अ‍ॅम हॅविंग' म्हणतात. तेव्हा एकट्या मराठीला आरोपी करणं मुळातच टिकत नाही.

परभणीच्या मुलाला 'जात आहे' हे रूप बहुधा पुस्तकातच भेटतं. घरी तो 'कुठं जायलास?' असं विचारतो, आणि आई 'कापूस वेचायलीय' असं सांगते. चालू क्रियेला या बोलीत स्वतःचं, ठसठशीत रूप आहे. 'मला दोन भाऊ असायलेत' असं जिल्ह्यात कुणीही म्हणणार नाही. म्हणून शिक्षकानं एवढंच विचारावं : हे वाक्य घरी 'करायलोय-जायलोय'च्या चालीवर म्हणता येतं का? नसेल येत, तर आयएनजी लावायच्या आधी थांब. 'नोइंग' आणि 'हॅविंग' तिथंच गळून पडतात. एवढी उपयोगी बोली अशुद्ध म्हणून शाळेच्या दाराबाहेर ठेवली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे. 'मला दिसायलंय', 'मला वाटायलंय' असं आपण म्हणतो, आणि त्यातून 'आय अ‍ॅम सीइंग' येतं. ही मराठीचीच छाया. पण तासाला मराठी बंद केल्यानं ती पुसली जात नाही, कारण मनातल्या मनात मूल मराठीच वापरत राहतं. दोन्ही भाषांतली वाक्यं शेजारी ठेवून फरक दाखवला, तरच ती पुसली जाते.

आता तक्त्याकडे वळू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तीन मुलांचा अभ्यास करून १९७३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या चौदा व्याकरणिक घटकांमध्ये मुलं आयएनजी सर्वांत आधी आत्मसात करतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे तक्ता घोटून घेतो ते रूप मुळातच सोपं आहे. अवघड आहे ते त्या रूपाची कामं ओळखणं, कारण आयएनजी म्हणजे चालू काळ नव्हे. मानवतच्या वर्गात हा उतारा देऊन पाहा :

पिकिंग कॉटन इज हार्ड वर्क. टुडे आई इज पिकिंग इन द लोअर फील्ड. सिंगिंग सॉफ्टली, शी फिल्स द सॅक. अ पासिंग टेम्पो रेझेस डस्ट. शी हेट्स वेस्टिंग टाइम.

आयएनजी पाच ठिकाणी आहे आणि चालू काळ एकाच. मराठीत सांगायचं तर कापूस वेचणं, वेचत आहे, गात गात, रस्त्यानं जाणारा टेम्पो, वेळ वाया घालवणं. इंग्रजी एकाच रूपावर भागवते तिथं मराठी 'णे', 'त', 'णारा' अशी वेगवेगळी रूपं वापरते, आणि ती सगळी मुलाला शाळेत येण्याआधीच येतात. सुट्या वाक्यांच्या गाळलेल्या जागा भरताना ही पाच कामं शेजारी-शेजारी दिसतच नाहीत. 'फिल्स' साधं का राहिलं आणि 'इज पिकिंग' का आलं, हा प्रश्नही उताऱ्यातच उभा राहतो.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठीचा उघड आधार हे तिचं बळ होतं, सुटी वाक्यं ही तिची मर्यादा. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांत दुसरं टोक गाठून पाहिलं. व्याकरणाचा धडा न देता नकाशे, वेळापत्रकं यांवरची कामं मुलांपुढं ठेवायची. लक्ष अर्थात गुंतलं की रूप नकळत बसतं, असं त्यांचं म्हणणं. अर्थाचा आग्रह मी त्यांच्याकडून घेतो, मराठीचा तर्खडकरांकडून.

इंग्रजी शिकणाऱ्या रशियन माणसाची स्थिती मराठी मुलाहून वेगळी आहे. त्याच्या भाषेत 'चितायु' हे एकच रूप 'मी वाचतो' आणि 'मी वाचतोय' या दोन्हींचं काम करतं, आणि वर्तमानकाळात 'आहे'ला शब्दच लागत नाही. त्याला छोट्या उताऱ्यांतून हा भेद शून्यापासून उभा करावा लागतो. आपल्या मुलाकडे तो तयार असताना आपण त्याला तो विसरायला सांगतो.

असे उतारे घ्यायला वेळ नाही, ही तक्रार फारशी पटणारी नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून होतं. आठवड्याला पाच ओळींचा एक उतारा या वर्षांत सहज मावतो.

खरी अडचण घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांची आहे. परभणी शहरातल्या उर्दू शाळेतल्या मुलाला 'मालूम है' आणि 'जा रहा है' यांतला फरक त्याच्या भाषेतून दाखवता येतो. जिंतूर-गंगाखेडकडच्या तांड्यांवर मात्र घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते, आणि तिथल्या मुलाला पुस्तकी मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागते. त्याच्यासाठी शिक्षकानं 'आई आत्ता काय करते, आणि रोज काय करते, हे तुम्ही घरी कसं सांगता?' असं मुलांनाच विचारावं, ती उत्तरं फळ्यावर देवनागरीत लिहावीत आणि मगच त्यांच्याशेजारी इंग्रजी उतारा लिहावा.